पाणी गाळणाऱ्यांच्या घरात नळ गळतो



आज थोडं टोचेल असं लिहिणार आहे. रागवायचं तर खुशाल रागवा, पण त्याआधी उठून मोरीतला, बेसिनचा आणि गच्चीवरच्या टाकीखालचा, असे तिन्ही नळ बघून या.

आपण पाणी गाळून पिणारी माणसं. चातुर्मास आला की नवं गाळणं शिवतो. कापड जाड हवं, दुहेरी हवं, त्यातून सूर्य दिसता कामा नये. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटांची, म्हणजे दोन घटकांची, हे आपल्या नातवंडांनाही पाठ असतं. पूर्वी आडाचं पाणी गाळलं की गाळणं उलटं करून त्यातले जीव त्याच आडात अलगद सोडायचे. माझ्या आजेसासूबाई त्यासाठी कडीचं वेगळं भांडं ठेवायच्या. इतकी काळजी! आणि त्याच घराण्यांतल्या आपण, मोरीतला नळ दोन-दोन महिने टपटपत ठेवतो. खाली बादली ठेवली की आपलं समाधान. बादली भरून वाहायला लागली तरी कुणी उठत नाही.

विचारलं की उत्तरं ठरलेली. "प्लंबर फोन उचलत नाही." "एवढ्याशा कामाला कोण येतंय?" "हे म्हणाले, रविवारी बघतो." आणि सगळ्यात शहाणं उत्तर म्हणजे, "आणखी दोन-तीन कामं साठू देत, मग एकदमच बोलावू." हे शेवटचं उत्तर काटकसरीचं वाटतं ना? ते तसं नाही. त्यात प्लंबरचे दोनशे-तीनशे रुपये वाचतात, पण रोजचं जे वाहून जातं ते कुठल्याच खात्याला लागत नाही.

रत्नकरंडक श्रावकाचार आपल्यातल्या बऱ्याच जणींनी स्वाध्यायात वाचला आहे. आचार्य समंतभद्रांनी त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला एक आहे प्रमादचर्या. काही कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वनस्पती तोडणं. कुणाला मारायचं मनात नाही, काही मिळवायचंही नाही, नुसता निष्काळजीपणा. मला तर ते वाचताना दर वेळी मोरीतला नळच डोळ्यांपुढे येतो. स्वयंपाकाला, धुण्याला पाणी लागतं, संसारात आरंभ चुकत नाही, हे आपण मान्यच करतो. पण रात्रभर मोरीच्या जाळीत टपकणारं पाणी कुठल्या संसाराला लागतं? ते अपकायिक जीव कुणासाठी गेले? त्याला आरंभी हिंसासुद्धा म्हणता येत नाही, मैत्रिणींनो. तो शुद्ध आळस आहे.

आता थोडा हिशेब. चाळीस वर्षांपूर्वी बी.कॉम. झाले, त्यानंतर घरखर्चाच्या वहीपलीकडे काही लिहिलं नाही, पण आकडा दिसला की हात शिवशिवतात. गळक्या नळाखाली पाण्याचा पेला ठेवा आणि घड्याळ लावा. समजा, २०० मिलीलिटरचा पेला दहा मिनिटांत भरला. म्हणजे तासाला १२०० मिलीलिटर. दिवसाला २८.८ लिटर. महिन्याला ८६४ लिटर. आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या साधारण १००० लिटरच्या असतात. म्हणजे "साठू देत" म्हणणाऱ्या बाईनं दोन महिन्यांत दीड टाकीपेक्षा जास्त पाणी गटारात सोडलं, आणि तेही एका नळातून.

आपण सांगली-मिरज-कोल्हापूरकडची माणसं, कृष्णा-पंचगंगेच्या काठची. पाण्याचं आपल्याला अप्रूप नाही. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते आपल्याच डोळ्यांसमोर. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आले, तिकडे लोकांनी गाडीचं स्वागत केलं. मी त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला होता. दिवसाला २८.८ लिटर गाळणारा एकेक नळ सतरा हजार घरांत असेल, तर ती अख्खी गाडी एका दिवसात गटारात जाते. सतरा हजार घरं म्हणजे काही फार नाहीत, एका मध्यम गावात सहज भरतील.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. साधा नळ गळत असेल तर प्लंबरची वाट बघायची नाही, यजमानांच्या रविवाराची तर मुळीच नाही. वायसर आपण बदलायचा, आणि आजच बदलायचा. पैसे वाचतात म्हणून नव्हे. पैसे वाचतात ते वाचू देत, मुद्दा तो नाहीच. मुद्दा आहे मधल्या दिवसांचा. प्लंबर चार दिवसांनी येणार असेल तर त्या चार दिवसांचं ११५ लिटर पाणी कुणाच्या नावावर?

"हे काय बायकांचं काम आहे का?" असं मला मंडळात तोंडावर विचारलं गेलं आहे. विचारणाऱ्या वहिनी स्वतः कुकरची रिंग बदलतात, शिट्टी सोडवून धुतात, मिक्सरच्या भांड्याखालचा रबर बसवतात, शिलाई मशीनची बॉबिन केस खोलून तेल घालतात. नळातला वायसर म्हणजे वेगळं काय आहे? रबराची चकतीच ना? कुकरची रिंग सैल झाली की वाफ जाते, नळाचा वायसर झिजला की पाणी जातं. कुकरच्या वाफेत हात घालायला भीती वाटत नाही, आणि थंड पाण्याच्या नळाची वाटते! खरं सांगू? ती भीती नसतेच. पाना आणि पक्कड ज्या पेटीत असतात, ती पेटी घरात पुरुषांची मानली जाते, एवढंच.

कृती सांगते, पाककृतीसारखी. नळाच्या खाली किंवा मागे अँगल कॉक असेल तर तो बंद करा, नसेल तर त्या खोलीचा किंवा टाकीचा मेन कॉक. मग गळका नळ उघडा आणि पाइपात उरलेलं पाणी बादलीत घ्या, तेही फेकू नका. बेसिनच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर बारका स्क्रू आत गेला की तुमचा सगळा दिवस गेला. नळाच्या मुठीवरचं टोपण सुरीच्या टोकानं अलगद उचला, आतला स्क्रू काढा, मूठ काढा. खाली षटकोनी भाग दिसतो. त्यावर जुनं फडकं गुंडाळून पाना लावा, म्हणजे चकाकी खरवडत नाही, आणि डावीकडे फिरवा. जो दांडा बाहेर येतो तो स्पिंडल. त्याच्या बुडाशी काळा झिजलेला रबर असेल. तो काढून, हो, तो जुनाच, नमुना म्हणून हार्डवेअरच्या दुकानात न्या. अंदाजानं आणू नका, पाऊण तास फुकट जातो. किंमत किरकोळ असते. नवा बसवा आणि उलट्या क्रमानं जोडा. मेन कॉक हळूहळू उघडा.

हल्लीच्या अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत रबर नसतो, आत चिनी मातीच्या चकत्यांची एक नळकांडी असते. तीही अशीच निघते. अख्खी नेऊन तशीच अख्खी आणायची. आणि जुन्या नळांबाबत घरातल्या मंडळींना एक सांगा, बंद करताना नळ पिळू नका. आमच्याकडची पुरुषमाणसं नळ असा आवळतात, जणू उसाचा चरक फिरवतायत. त्यानंच वायसर लवकर कापला जातो.

नळ तरी दिसतो. फ्लशच्या टाकीची गळती दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. रात्री झोपताना टाकीत कपड्याच्या निळीचे चार थेंब टाका आणि सकाळपर्यंत फ्लश ओढू नका. सकाळी भांड्यात निळसर पाणी दिसलं, तर रात्रभर गळती चालू होती. बऱ्याचदा आतला रबर नुसता शेवाळलेला असतो, पुसून बसवला तरी काम होतं. गच्चीच्या टाकीचा बॉल कॉक बिघडला की ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार लागते, आणि ती शेजारच्यांना आपल्या आधी दिसते. हे काम सोपं आहे, पण एक अट घालते. साठीनंतर शिडीवर किंवा स्टुलावर चढून करायचं कुठलंही काम प्लंबरचंच. खुब्याचं हाड बॉल कॉकपेक्षा महाग असतं.

आता दुसरी बाजू. माझं म्हणणं अर्धंच ऐकून कुणी उद्या भिंत फोडायला घेऊ नये.

आमच्या ओळखीच्या एका घरी पुण्याहून सुट्टीला आलेल्या मुलानं मोबाइलवर बघून बाथरूमचा अँगल कॉक बदलायला घेतला. हुशार मुलगा, नोकरी मोठी. जुना कॉक गंजलेला होता, निघेना, म्हणून मोठा पाना लावून जोर केला. कॉक निघाला नाही, भिंतीच्या आतला तुकडा मोडला. गच्चीवरची टाकी नुकतीच भरलेली. मेन कॉक कुठे आहे ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. सापडला तेव्हा तोही गंजून घट्ट झालेला. टाकी रिकामी होईपर्यंत पाणी घरभर फिरलं, गाद्या भिजल्या, देवघराखालचं प्लायचं कपाट फुगलं. मग प्लंबर आला, फरशी फोडणारा आला, गवंडी आला. एका कॉकपायी आठ दिवस.

माझ्या मते काम हातात घेण्याआधी स्वतःला एवढंच विचारावं की पाणी बंद करता येतं का, गळती डोळ्यांना दिसते का, आणि जमलं नाही तर होतं तसं परत जोडता येईल का. तिन्हीला हो असेल तर कामाला लागा. एकालाही नाही असेल तर फोन लावा. भिंतीतल्या पाइपाची गळती दिसत नाही, म्हणून ती प्लंबरची. गंजलेला जोड परत जोडता येत नाही, म्हणून तोही त्याचाच. भिंतीला ओल आली असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा तरीही फिरत असेल तर पाइप आत कुठेतरी फुटला आहे. मीटर नसेल तर टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करून दोन तासांनी बघायचं, म्हणजे बघायला मुलाला किंवा वॉचमनला पाठवायचं. खालच्या मजल्यावरच्या छताला डाग पडला असेल तर "आमच्याकडचं नाहीच ते" म्हणत सोसायटीच्या तीन मीटिंगा काढू नका. ही चाचणी करून बघा आणि खरं काय ते सांगा. सत्य हेही आपल्या अणुव्रतांतच येतं.

आणि गीझर. गीझरला हात लावायचा नाही, तिथे वीज आणि दाब दोन्ही असतात. गीझरच्या खालच्या बारक्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडतात, ते पडू देत. आतला वाढलेला दाब तिथून सुटतो. गळतं म्हणून त्याला एम-सील लावून बुजवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. तो सील लावणं म्हणजे कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही बंद करून गॅस मोठा करणं.

मोरी तुंबली की काय करतो आपण? अ‍ॅसिडची बाटली ओततो. याविषयी तर मला अगदी भांडायचंच आहे. आपल्या सासवांनी आपल्याला कढत पाणीसुद्धा मोरीत ओतू दिलं नाही. पेज असो की धुण्याचं पाणी, निववूनच ओतायचं, कारण मोरीत जीव असतात. आणि आता आपणच तिथे अ‍ॅसिड ओततो, वरून फेस आला की "साफ झालं" म्हणतो. अळ्या, झुरळं, गांडुळं, सगळ्यांचा एकदम निकाल. आणि झुरळं जावीत म्हणूनच मुद्दाम ओतलं, तर ती कोणती हिंसा झाली ते मी सांगायला नको. बरं, त्यानं मोरी सुटते का? केस आणि साबणाचा गोळा बहुतेक वेळा तसाच राहतो. फरशांमधली सिमेंटची भर मात्र विरते, जाळीची चकाकी जाते. आणि आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो. काही प्लंबरसुद्धा पिशवीतून बाटली काढतात. त्यांना स्पष्ट सांगा, आमच्या घरात हे नाही.

हातमोजा घाला, जाळी उचला, केस हातानं काढा. घाण वाटते, वाटू दे, घाण आपलीच आहे. सिंकखालच्या वाटीसारख्या ट्रॅपखाली बादली धरून तो हातानंच फिरवून काढता येतो, धुऊन परत लावता येतो. झुरळांचं म्हणाल तर मोरीखालच्या नाहणी ट्रॅपमध्ये नेहमी पाणी साचलेलं असतं. त्या पाण्याच्या पडद्यामुळंच खालचा वास आणि किडे वर येत नाहीत. पाहुण्यांची बाथरूम महिनाभर वापरली नाही की ते पाणी आटतं आणि झुरळं चढतात. आठवड्याला दोन तांबे पाणी ओता. काही मारायला नको आणि हातानं काही काढायलाही नको.

प्लंबर बोलावला तर त्याला पैसे पूर्ण द्या. "दहा मिनिटांचे तीनशे?" हे वाक्य मी फार सुखवस्तू घरांत ऐकलं आहे. कॉस्टिंगच्या पेपरात आम्हाला शिकवलं होतं की मालाची किंमत म्हणजे नुसता कच्चा माल नव्हे. त्याची दुचाकी, पेट्रोल, हत्यारं, काम नसलेले दिवस, आणि कुठल्या पाइपाला किती जोर सोसतो हे कळायला लागलेली वर्षं, हे सगळं त्या दहा मिनिटांत असतं. आपल्यातली बहुतेक घरं दुकानदारीत आहेत. गिऱ्हाईक "एवढ्या कापडाचे एवढे?" म्हणालं की आपल्याला कसं लागतं! साधा वायसर आपण बदलू लागलो की त्याला बोलवायची वेळ कमी येईल. मग येईल तेव्हा तरी घासाघीस नको.

आणि चहा. काही घरांत प्लंबरचा कप वेगळा असतो, खिडकीत ठेवलेला, दांडी तुटलेला. माझ्या स्वतःच्या नात्यात आहे, म्हणून लिहिते. आपल्या शुद्ध पाण्याची वाट ज्याच्या हातानं मोकळी होते, त्याला तुटका कप? सोवळ्याचं निमित्त सांगू नका. स्वयंपाकघरातलं सोवळं पाळायचं असेल तर कप नंतर राखेनं घासा, साबणानं घासा, पण कप तोच द्या.

शेवटी असंही एक काम सांगते, जे आपण करायचं नाही आणि प्लंबरलाही सांगायचं नाही. बंगल्याची सेप्टिक टाकी भरली की "दोन माणसं बोलावून उपसून घ्या" असं अजूनही म्हटलं जातं, आणि कुणीतरी पाचशे-हजार जास्त देऊन माणूस आत उतरवतो. आत ऑक्सिजन नसतो, विषारी वायू असतो, उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. वर्तमानपत्रांत अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे, आणि उतरवणारा म्हणजे घरमालक, म्हणजे आपण. पाणी गाळून पिणाऱ्या घराच्या अंगणात माणूस मरू शकतो, हे मनात आणून बघा. नगरपालिकेकडे किंवा महापालिकेकडे मैला उपसणारी गाडी असते. अर्ज करा, पैसे भरा, गाडी चार दिवस उशिरा आली तर चार दिवस थांबा. वाट बघायची असेल तर ती इथे बघा.

मेन कॉक कुठे आहे ते आज शोधा. घट्ट झाला असेल तर प्लंबरकडून एकदा सैल करून घ्या आणि सुनेला, नातीलाही दाखवून ठेवा. पेटीत एक पाना, एक पक्कड, टेफ्लॉन टेपचं एक रीळ आणि दोन-चार वायसर असू द्या. आमच्या इथल्या हार्डवेअरवाल्यानं मला पहिल्यांदा म्हटलं होतं, "काकू, काकांना पाठवा, त्यांना कळेल." आता तो मला बघितलं की न विचारता अर्ध्या इंची वायसरचा डबा काउंटरवर काढून ठेवतो.